ट्रॅक्टरची केबल आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणी तरी चार शब्द बोलते. कोणी उन्हाळी वाळवणांविषयी बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासाविषयी. या वर्षी चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवीपर्यंत शिकलेली. मला भाषणाची सवय नाही. विषय काय, असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हटले, "ट्रॅक्टरची केबल." त्या आधी हसल्या. पण कारण ऐकल्यावर म्हणाल्या, "मग हेच बोला, दुसरे काही नको." म्हणून आपल्यापुढे उभी आहे.

ट्रॅक्टरशी बाईचा काय संबंध, असे कोणाच्याही मनात येईल. सीटवर पुरुष बसतो हे खरे. पण मळणी चालू असते तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे कोण असते? बनीम उपसून यंत्रात काड घालणाऱ्या कोण? धान्याची टोपली लावणाऱ्या, भुसा मागे ओढणाऱ्या, कडबा कुट्टीत पेंढी देणाऱ्या कोण? सोयाबीनच्या दिवसांत आपल्या लातूर भागात कोणत्याही शिवारात जाऊन पाहा. सीटवर एक माणूस, आणि यंत्राभोवती चार बाया. जे फिरते त्याच्या सगळ्यांत जवळ आपणच असतो. मग ते फिरणारे कसे सुरू होते आणि कसे बंद होते, एवढे तरी आपल्याला कळायला नको का?

आता फिरते म्हणजे काय फिरते, ते सांगते. ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला, दोन मोठ्या चाकांच्या मध्ये, खाचा असलेला एक लोखंडी शाफ्ट बाहेर आलेला असतो. त्याला पीटीओ म्हणतात. इंजिनाची ताकद त्यातून बाहेर येते आणि जोडशाफ्टाने मळणी यंत्राला किंवा रोटरला जाते. यंत्र चालवताना तो साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. काही ठिकाणी १,००० फेऱ्यांचाही असतो. ५४० म्हणजे एका सेकंदाला ९ फेरे. नुसत्या शाफ्टाची जाडी सुमारे ३५ मिलिमीटर, म्हणजे त्याचा घेर सुमारे ११ सेंटिमीटर. नऊने गुणले की जवळजवळ एक मीटर होतो. एका सेकंदाला एक मीटर कापड तो आपल्याभोवती गुंडाळून घेतो! जोडशाफ्टाचा पाइप याहून जाड, त्यामुळे तो आणखी भराभर ओढतो. आपली पाचवारी साडेपाच मीटरच्या आसपास. म्हणजे "अगं, पदर!" असे म्हणून ओरडेपर्यंत निम्मे लुगडे गेलेले असते, आणि लुगड्यामागे बाई.

हा धोका सरकारलाही ठाऊक आहे. १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी केंद्राचा कायदा झाला तो मळणी यंत्राच्या अपघातांपायीच. पण कायदा काही आपल्या खळ्यावर येऊन पदर धरत नाही. आपला पदर आपणच सांभाळायचा.

हा शाफ्ट चालू-बंद करण्यासाठी सीटजवळ एक दांडी असते. दांडी पुढे केली की चालू, मागे घेतली की बंद. कोठे याच्या उलट असते. आपण लांबून दांडी पाहतो आणि म्हणतो, "बंद केले बाई, आता कचरा काढा." पण दांडी म्हणजे काही शाफ्ट नव्हे. दांडी सीटजवळ, शाफ्ट मागे. दोघांच्या मध्ये निरोप नेणारे कोणी तरी असते. काही ट्रॅक्टरांत हा निरोप लोखंडी सळया नेतात, काहींत केबल नेते. गिअरचेही तसेच. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांची गिअरची दांडी सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेली असते, तेथे केबलीचे काम नाही. आमच्या ट्रॅक्टरची दांडी सीटच्या बाजूला आहे आणि गिअरला व पीटीओला दोन्हीकडे केबल आहे. आणि निरोप्याच थकला, तर दांडी सांगते "बंद" आणि शाफ्ट ऐकतो "अर्धवट बंद". माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचे सार हेच आहे.

केबल कशी असते ते आपल्याला घरातल्या वस्तूवरून कळेल. सायकलच्या ब्रेकची तार आठवा. बाहेर एक नळी, आत एक तार. बाहेरची नळी जागच्या जागी राहते आणि आतली तार सरकते. इंग्लंडात अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली या युक्तीचे पेटंट घेतले. मात्र सायकलची तार नुसती ओढते. परत नेण्याचे काम स्प्रिंग करते. ट्रॅक्टरच्या गिअरच्या केबलीला ओढावेही लागते आणि ढकलावेही लागते. म्हणून तिची आतली तार जाड व ताठ असते, आणि दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या सळया असतात. सळई नळीत शिरते तेथे धूळपाणी आत जाऊ नये म्हणून रबरी टोपण असते. त्याला मिस्त्री लोक बूट म्हणतात.

हे बूट फाटले की केबलीचे आयुष्य सरत आले असे समजावे. आपण ट्रॅक्टर पाण्याच्या जोरकस फवाऱ्याने धुतो, ते पाणी फाटक्या बुटातून आत जाते. चिखल जातो, भुशाची धूळ जाते. आत गंज धरतो आणि तार जड सरकते. काही वेळा केबल सायलेन्सरला टेकून वरची नळी वितळते. काही वेळा ती फार तिरपी वाकवून बांधलेली असते, तेथे तार घासते. आणि कडब्याशेजारी ट्रॅक्टर उभा राहिला तर उंदीर वरचे प्लास्टिक कुरतडतात, ते वेगळेच.

आमच्या घरी ट्रॅक्टर धाकटे भाऊजी चालवतात आणि हिशेब मी ठेवते. २०२२ च्या सुगीत आमच्या गिअरची दांडी जड झाली. दोन हातांनी ओढावी लागे. दुसरा गिअर टाकला की थोड्या अंतरावर आपोआप निसटे. पाठोपाठ पीटीओचेही तसेच सुरू झाले. एके दिवशी काड अडकले म्हणून भाऊजींनी पीटीओची दांडी बंद केली, इंजिन मात्र चालूच होते. धाकट्या जाऊबाई काड काढायला वाकल्या. मी भुश्याकडे होते. मला शाफ्ट हळूहळू फिरताना दिसला. मी ओरडले, त्या मागे सरल्या, भाऊजींनी इंजिन बंद केले. कोणाला खरचटलेही नाही. पण त्या रात्री आमच्या घरात कोणाच्या घशाखाली भाकर उतरली नाही. जाऊबाईंची धाकटी लेक तेव्हा तीन वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून मिस्त्री आणला. त्याने दांडी हलवून पाहिली आणि सांगितले, "गिअरबॉक्स उघडावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी वही मिटली. सुगी तोंडावर, आणि ट्रॅक्टर आठ-दहा दिवस उभा राहणार. आमच्या शेजारी एक काका आहेत, एसटीच्या आगारात त्यांची उभी हयात गेली. ते पारावर बसले होते. मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "सूनबाई, गिअरबॉक्स उघडायच्या आधी त्याच्यापासून केबल सोडवा. मग दोघांना वेगवेगळे विचारा, कोण दुखते ते."

ही युक्ती प्रत्येकीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंजिन बंद करून केबलीचे गिअरबॉक्सकडचे टोक काढायचे. मग गिअरबॉक्सवरची आखूड दांडी हाताने हलवून पाहायची. ती जागच्या जागी "टक्‌" करून बसली, तर पेटी बहुधा ठीक आहे. आता सीटजवळची दांडी हलवून पाहायची. पलीकडे काहीच जोडलेले नसताना ती जड लागली, तर दोष केबलीत. आमचे असेच निघाले. पेटी लोण्यासारखी चालत होती आणि केबल गंजून धरली होती. केबलीचा खर्च आणि गिअरबॉक्सचा खर्च यांत शेळी आणि म्हैस यांच्या किमतीइतके अंतर असते. ती म्हैस आमची वाचली.

आणखी एक गोष्ट काकांनी दाखवली. टोकाची खिळ ज्या भोकात बसते ते भोक घासून लांबट झाले असेल, तर केबल नवी असूनही दांडी ढिली लागते. तेव्हा आधी खिळ आणि भोक पाहावे. ते दुरुस्त करायला फार पैसे पडत नाहीत.

गंजलेली केबल दुरुस्त होत नाही, ती बदलावीच लागते. तिला वेल्डिंग करू नये, बाइंडिंग तारेने जोडू नये, जळके ऑइलही ओतू नये. अशी केबल कारखान्यातून आतून वंगण घालूनच येते. वरून ओतलेले तेल धूळ धरून बसते, आणि दोन महिन्यांनी दुखणे दुप्पट होते. दुकानात जाताना जुनी केबल बरोबर न्यावी. लांबी पाहावीच, पण आतली सळई किती सरकते तेही पाहावे. लांबी सारखी आणि सरक कमी असेल तर गिअर पुरता पडणार नाही. ब्लाउजचे माप देताना आपण नुसती उंची देतो का? बाहीही देतो.

केबल बदलण्याचे काम भाऊजींनी आणि मी मिळून केले, काका खाटेवर बसून सांगत होते. ते क्रमाने सांगते.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. मागचे अवजार जमिनीवर टेकवावे. इंजिन बंद, किल्ली काढलेली, हातब्रेक ओढलेला, आणि चाकांना पुढूनमागून दगड. इंजिन गरम असेल तर निवू द्यावे. गिअर न्यूट्रलमध्ये आणि पीटीओ बंद. मग जुनी केबल कोठून कशी गेली आहे त्याचे मोबाइलवर दोन-तीन फोटो काढावेत. आता घरोघर मोबाइल आहे, त्याचा एवढा तरी उपयोग करावा. टोकाचा जोड सळईवर किती आटे चढलेला आहे ते मोजून वहीत लिहावे. मी लिहिले होते, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

मग टोकाची स्प्लिट पिन काढावी, खिळ काढावी, मधल्या पट्ट्यांचे बोल्ट सोडावेत. जुनी स्प्लिट पिन परत वापरू नये. ती एकदा वाकली की तिच्यात जीव उरत नाही. आता केबल ओढून काढायच्या आधी तिच्या एका टोकाला मजबूत सुतळी बांधावी. परकराची नाडी बदलताना आपण जुन्या नाडीला नवी बांधून ओढतो, अगदी तसेच. जुनी केबल निघाली की तिच्या वाटेत सुतळी राहते, आणि सुतळीमागून नवी केबल बिनचूक त्याच वाटेने येते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे आम्हाला कसे सुचले नाही?" मी म्हटले, "तुम्ही नाडी कधी ओवली आहे का?"

नवी केबल बसवताना तिला तीव्र वळण देऊ नये, ऐसपैस वळवावी. सायलेन्सरपासून दूर ठेवावी. चाक, क्लचचे पायदान किंवा हलणारी कोणतीही सळई तिला लागणार नाही असे पाहावे. पट्ट्या जुन्या जागीच लावाव्यात. पट्टी सैल राहिली तर बाहेरची नळीच सरकते आणि निरोप वाटेतच हरवतो.

यानंतर खरे नाजूक काम, ते म्हणजे जुळवणी. गिअरबॉक्सवरची आखूड दांडी हाताने न्यूट्रलवर आणावी. सीटजवळची दांडी आपल्या चौकटीत न्यूट्रलच्या जागी ठेवावी. आता केबलीचे टोक आट्यांवर फिरवत फिरवत असे आणावे की खिळ आपल्या वजनाने भोकात पडेल. ठोकावी लागली तर जुळले नाही असे समजावे. खिळ पडली की चेकनट आवळावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. मग इंजिन बंद ठेवूनच, क्लच दाबून, एकेक गिअर टाकून पाहावा. एखादा पडला नाही तर जोर करू नये. आत दाते समोरासमोर आलेले असतात. दुसरा गिअर घेऊन परत यावे. मुख्य पाहायचे ते हे: गिअर पुरता बसल्यावरही दांडी आणि चौकटीची कड यांच्यात थोडी जागा उरली पाहिजे. दांडी आधीच कडेला टेकली, तर आत गिअर अर्धवट बसलेला असतो. तोच पुढे निसटतो आणि दाते खातो.

पीटीओची जुळवणी दोन्ही टोकांना पाहावी. "बंद"ला तो पुरता सुटला पाहिजे आणि "चालू"ला पुरता धरला पाहिजे. ज्या ट्रॅक्टरांत पीटीओचा वेगळा क्लच असतो, तेथे अर्धवट धरल्याने प्लेटी घासून जळतात. परीक्षा घेताना मळणी यंत्र जोडू नये. मागे कोणी उभे राहू नये. एकाने सीटवर बसून चालू-बंद करावे, दुसऱ्याने दहा पावले बाजूला राहून पाहावे. कधी कधी तेल गार आणि घट्ट असताना मोकळा शाफ्ट बंद असूनही किंचित फिरतो, हे खरे आहे. पण यंत्र जोडलेले असताना, एवढे वजन ओढून तो फिरत असेल, तर ते तेलाने नव्हे. सुटायला पाहिजे ते आत सुटलेले नाही. त्या दिवशी आमचे तसेच होते.

आता कोणी म्हणेल, "केबल नवी घातली, झाले, आता भीती कसली?" नाही बायांनो. आजची नवी केबल उद्या जुनी होणार, आणि ती जुनी झाल्याचे पत्र पाठवत नाही. म्हणून आम्ही घरात एक नियम केला. यंत्राला हात लावायच्या आधी तीन गोष्टी. इंजिन बंद. किल्ली हातात. शाफ्ट थांबलेला आपल्या डोळ्यांनी पाहिलेला. नुसत्या दांडीवर विश्वास नाही. आणि किल्ली कोणाच्या हातात? जी बाई काड काढायला वाकणार तिच्या. ती किल्ली कनवटीला लावूनच जाऊबाई वाकतात, आणि बाहेर आल्यावर स्वतः भाऊजींना देतात. पहिल्या दिवशी भाऊजींना हे जरा जड गेले. एवढ्या कामात घडीघडी किल्ली काढायची म्हणजे वेळ जातो, असे ते म्हणाले. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "वेळ जाऊ दे, सून राहू दे." त्यानंतर कोणी काही बोलले नाही.

त्याबरोबर आणखी थोडे. जोडशाफ्टावर प्लास्टिकचे आवरण असते आणि ते फिरू नये म्हणून त्याला बारीक साखळी असते. आपल्याकडे ते पहिल्याच वर्षी फुटते आणि अडगळीत जाते. ते परत बसवायला लावा. पदर खोचून घ्या, केस बांधून वर घ्या. मुलींची ओढणी घरी ठेवायला सांगा. चालू शाफ्ट कधी ओलांडू नका, वळसा पडला तरी चालेल. लहान मुले खळ्यावर आणू नका. आणायचीच वेळ आली तर त्यांच्याजवळ एक मोठे माणूस नेमून ठेवा.

मी हे सगळे सांगते ते बायकांनी मिस्त्री व्हावे म्हणून नव्हे. व्हावेसे वाटले तर त्यातही काही वाईट नाही. पण "दांडी जड झाली आहे", "गिअर निसटतो आहे", "बंद केल्यावरही फिरते आहे", ही तीन वाक्ये घरात कोणीही बोलले तर काम तेथेच थांबले पाहिजे. आणि ती बोलण्याचा मान आपला आहे, कारण जवळ आपण असतो. "तुला यातले काय कळते?" असे कोणी म्हटले, तर केबल सोडवून दाखवा म्हणावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. सोयाबीनची सुगी दसऱ्याच्या आगेमागेच येते. खंडेनवमीला आपण सगळ्या अवजारांची पूजा करतो. ट्रॅक्टर धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. या वर्षीपासून हार घालायच्या आधी प्रत्येकीने आपल्या घरच्या ट्रॅक्टरपाशी पाच मिनिटे थांबावे. बूट फाटले आहेत का, खिळ ढिली आहे का, दांडी जड आहे का, बंद केल्यावर शाफ्ट थांबतो का, आवरण जागेवर आहे का, एवढे घरच्या माणसाला बरोबर घेऊन पाहावे. धुताना बुटांवर पाण्याचा जोर मारू नये. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही पण ज्या दुसऱ्याच्या मळणीवर रोजाने जातात, त्यांनी काम धरायच्या आधी किल्लीचा नियम मालकाला सांगावा. एकटीने सांगितले तर मालक ऐकेल न ऐकेल. मंडळाच्या बाया मिळून सांगतील तर ऐकावेच लागेल.